चौदा फुटांवरचा गोठा

"गोठ्याला परवानगी देता येईल," साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "पण गोठ्याची जमीन लाल रेषेच्या वर एक हात पाहिजे. म्हणजे रस्त्यापासून चौदा फूट."

समोरच्या खुर्चीत चंपाबाई मगदूम बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काटकुळ्या, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. त्यांनी साहेबांकडं बघितलं, दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं आणि मग विचारलं,

"चौदा फूट म्हंजे माडीच झाली की वो. म्हैस कशी चढायची वर?"

"जिन्यानं," साहेब म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. आमच्या नव्या इंजिनियर भाग्यश्री मॅडम तोंडाला रुमाल लावून खिडकीकडं वळल्या. चंपाबाईंनी असला काही आडपडदा ठेवला नाही. त्या खुर्चीत मागं रेलून खदाखदा हसल्या, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसल्या, आणि शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब, म्हशीचं ऱ्हाऊ द्या, मलाच चढवा वर. म्हैस न्हाईच माझ्याकडं. हुती एक, दोन वर्सं. तिला जाऊन पन्नास वर्सं झाली."

"पण कागदावर गोठा आहे, आजी."

"कागदावर काय, माझा सासरा बी अजून जित्ता हाय!"

घोडं अडलं होतं ते इथं. चंपाबाईंचं कृष्णेच्या घाटाजवळचं घर एकोणीसच्या पुरात भिजलं, एकवीसच्या पुरात त्याची मागची भिंत बसली, आणि पुढच्या वर्षी धोकादायक म्हणून ते उतरवावं लागलं. आता त्याच जागेवर परत बांधायचं, तर जागा पडली निळ्या रेषेच्या आत. निळ्या रेषेच्या आत नवीन काही बांधता येत नाही. फक्त एक सूट आहे. तिथं आधीपासून कायदेशीर घर असेल, तर ते परत उभं करता येतं, पण जमीन लाल रेषेच्या वर उचलून, आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला आणून. 'आधीपासून घर असेल तर.' आणि आमच्या दप्तरी त्या जागेवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, गोठा.

साहेब वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. नाईकनवरे त्यांचं नाव. कुणाच्या चहाचे मिंधे नाहीत. ते म्हणाले, "आजी, नियमाचा अर्थ एवढाच, की नदीच्या तोंडाशी नव्यानं माणूस राहायला आणायचा नाही. राहतं घर होतं तर राहतं घर. गोठा होता तर गोठा. तुम्ही तिथं राहत होता असं तुमचं रेशनकार्ड सांगेल, पण ती इमारत काय होती हे कार्ड सांगत नाही. पुराच्या आधीचा एखादा सरकारी कागद आणा, ज्यात त्या जागेवर घर लिहिलंय. मी उद्या सही करतो."

"कागदं सगळी कृष्णामाईनं नेली."

"मग माझे हात बांधलेले आहेत."

चंपाबाई उठल्या. जाताना दाराशी थांबून मला म्हणाल्या, "चला वो पट्टीवाले. मला रिक्षात तरी बसवा."

आता मी कोण ते सांगतो. मी बिरदेव बंडगर, महापालिकेत मोजणी मदतनीस. इंजिनियर तीन पायांच्या यंत्रातनं बघतो, आणि समोर लांबवर आकडे रंगवलेली चार मीटरची पट्टी उभी असते, तिच्यामागं जो माणूस असतो तो मी. बत्तीस वर्षं. यंत्रातनं बघणाऱ्याला पट्टी दिसते, माणूस दिसत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या तोंडात बघण्यासारखं काही नाहीच, असं आमची मंगल लग्नापासून सांगते.

गाव माझं माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. तिथं पाणी टँकरनं येतं आणि टँकरमागं गाव पळतं. असल्या गावच्या धनगराच्या पोराला देवानं सांगलीत पुराचं पाणी मोजायला लावलं, ही थट्टा नव्हे तर काय? बरं, ती थट्टा डोक्यात इतकी भिनली, की दहा वर्षांपूर्वी गावाकडं दोन खोल्या बांधल्या तर मी त्यांचं जोतं पाच फूट उचललं. गवंडी विचारत होता, मी ऐकलं नाही. बांधून झाल्यावर गावातला आमचा दोस्त नाथाजी बघायला आला. घराला एक चक्कर मारली, पायऱ्या मोजल्या आणि म्हणाला, "बिरदेवा, गड्या, माणगंगेला पूर येनार हाय व्हय? आमाला बी सांगून ठेव रं, ताटल्या-वाट्या भाईर मांडतो." अजून गावात त्याला 'बंडगराचं बेट' म्हणतात.

रेषांचं म्हणाल तर त्या दोन. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती. लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येईल तो जिथवर पोचेल ती. हे मी एकदा घाटावर समजावून सांगत होतो, तर चंपाबाईच म्हणाल्या होत्या, "शंभरातनं एकदा? मग माझं वय तीनशे तरी झालं आसंल." हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता. पण मी एकोणीस साली त्याच गल्लीतनं बोटीत बसून गेलोय. हात वर केला तर विजेच्या खांबावरच्या दिव्याला लागत होता. रेषा उगाच नाहीत, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही.

तरी एक सल होताच. बत्तीस वर्षांत माझ्या पट्टीनं एकही घर उभं केलं नाही. मी जिथं उभा राहीन तिथं 'नाही' निघायचं. दुकान नाही, खोली नाही, माडी नाही. मला बघितलं की लोक दारं लावून घ्यायचे. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि मला वाटायचं, देवा, एकदा तरी ह्या पट्टीमागं उभं राहिल्यावर कुणीतरी 'हो' म्हणू दे. हे मी कुणाला बोललो नव्हतो. मंगलला बोललो असतो तर तिनं दृष्ट काढली असती.

रिक्षात बसवायला म्हणून निघालो, तर चंपाबाई रिक्षात बसेनात. "आधी जागा दाखवून आनते तुमास्नी," म्हणाल्या. जागा मला त्यांच्याहून जास्त पाठ होती, पण गेलो. घाटाकडं उतरणाऱ्या गल्लीत दोन घरांच्या मधे रिकामी चौकोनी जागा. शेजारणीनं तिथं हळकुंडं वाळत घातली होती. चंपाबाईंना बघताच समोरची सोनिया दारातनं ओरडली, "आलीस व्हय गं आक्का? तुझ्याबिगर करमंना बघ. भांडायला कुनी ऱ्हायलं न्हाई."

"तिकडं तर भांडायला मानूसच न्हाई!" चंपाबाई तिथनंच म्हणाल्या आणि मग माझ्याकडं वळल्या. "सन्मतीचं घर चांगलं हाय. पोरगा सोन्यासारखा, सून बी. तिसरा मजला, लिफ्ट, सगळं हाय. पर दार उघडलं की समोर दुसरं दार, ते बी लावल्यालं. तीन वर्सांत त्या दारातनं येक मानूस माझ्याशी बोलला, त्यो बी पार्सल द्यायला आला हुता. मला मरायला न्हाई हितं यायचं, पट्टीवाले. मरायला कुठं बी जागा पुरती. मला जगायला यायचं हाय."

मी विचारलं, "आक्का, पण गोठा लिहायचं डोकं कुणाचं?"

त्या हळकुंडं सारून पायरीच्या उरलेल्या दगडावर बसल्या. "आमच्या मामंजींचं. लय धार्मिक मानूस. मुनी महाराजांच्या पुढं हात जोडून नियम घेतला हुता, जल्मात येकच घर ठेवीन, दुसरं करनार न्हाई. घर तर गावाकडं हुतंच, मळ्यात. मग पोरगं सांगलीला हळदीच्या पेठंत लागलं. माझं लगीन झाल्यालं. ऱ्हायाचं कुठं? नियम मोडायचा न्हाई आन् पोरगं उघड्यावर ठेवायचं न्हाई. तवा मामंजींनी हितं चार भिंती बांधल्या आन् लिवून दिलं, गोठा. गोठ्याचा नियम घेतला न्हवता."

"आणि म्हैस?"

"लबाडी नको म्हनून आनली की! म्होरल्या खोलीत म्हैस, मागल्या खोलीत मी. दोन वर्सं मी तिच्या संगं संसार केला. मग ती इकली, मामंजी गेले, पर कागूद कुनी बदलायचा? पन्नास वर्सं गोठ्यात ऱ्हायलो आमी, कुनाचं बिघडलं न्हाई. नियम बी पाळला, घर बी झालं." एक हळकुंड उचलून बघत म्हणाल्या, "आन् आता बघा. त्यांनी सोताला दिल्याली सूट माझ्या मुळावर आली."

हे त्या हसत म्हणाल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी त्यांना रिक्षात बसवलं आणि घरी जाईपर्यंत मलाही चैन पडेना.

पुढच्या रविवारी मंगलच्या भाचीचं, राणीचं, लग्न होतं दहिवडीला. सकाळी सांगलीच्या स्टँडवर आम्ही आमच्याकडची अकरा माणसं घेऊन एसटीत चढलो. मी दाराशी उभा राहून एकेकाच्या डोक्यावर बोट दाखवत होतो. एक, दोन, तीन. मग सीटवर बसल्यावर परत. विट्याला गाडी थांबली, माणसं चहा पिऊन चढली, तर परत. कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला.

मंगल वैतागली. "आवं, मेंढरं हायती का ती? सुटंना का अजून खोड?"

"सवय आहे."

"सवय कसली ती! माज्या माहेरात बी तसंच. जेवायला बसलं की मोजायचं. त्या पुरात बी तसंच केलं हुतं न्हवं? सायबानं शिव्या घातल्या म्हनून घरी येऊन तोंड पाडून बसला हुता."

मी सीटवरनं उठलोच. गाडी चालू होती, धक्क्यानं परत बसलो.

"काय झालं वो? कोन ऱ्हायलं का मागं?"

"मंगल," मी म्हणालो, "तू देवमाणूस आहेस."

"आता कळलं व्हय," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली, पण खूश झाली होती.

झालं होतं असं. पाच सालचा पूर ओसरल्यावर आम्ही घाटाच्या सगळ्या गल्ल्या मोजल्या. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर पट्टी ठेवायची, साहेब आकडा सांगणार, वहीत मी लिहिणार. चिखल गुडघ्याएवढा, भांडी-कुंडी रस्त्यावर, माणसं दारात बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्यात मेंढरं आत घेताना मोजल्याशिवाय रात्री फाटक लावत नाहीत. बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. तर मला राहवायचं नाही. उंबऱ्यावर पट्टी ठेवली, की मी विचारायचो, "सगळी आहेत ना? किती माणसं?" ती सांगायची. जनावर होतं का, आहे का, तेही विचारायचो. आणि विचारलं ते शेवटच्या रकान्यात लिहून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी ते बघितलं आणि माझी खरडपट्टी काढली. "बंडगर, तुला पातळ्या लिहायला सांगितल्या की खानेसुमारी?" पण वही खोडून चालत नाही. त्यांनी पानापानावर तशीच सही केली.

लग्नात मी अक्षता टाकल्या का नाही, आठवत नाही. सोमवारी साडेनऊलाच रेकॉर्ड रूमच्या दारात उभा. वह्या होत्या. कपाटाच्या डोक्यावर, वर, छताला टेकलेल्या. तिथं त्या मीच ठेवल्या होत्या. सगळ्या शहराला पाण्याची उंची सांगायची आणि आपल्या वह्या खालच्या फळीवर ठेवायच्या, इतका काही मी येडा नव्हे. घोड्यावर चढलो, शिडीला आमच्याकडं घोडा म्हणतात, आणि धूळ खात एकेक उतरवली. सहावी वही. पान चौऱ्याहत्तर. माझंच अक्षर, तेव्हाचं, जरा गोल.

'मगदूम, घाट गल्ली. घर, दगडी जोतं.' पुढं उंबऱ्याची पातळी. आणि शेवटच्या रकान्यात, 'माणसं चार. जनावर नाही.' खाली साहेबांची सही, तारीख.

मी त्या घोड्यावरच बसलो. बोट ठेवून ती ओळ तीनदा वाचली.

साहेबांच्या टेबलावर वही ठेवली, तेव्हा भाग्यश्री मॅडमही तिथंच होत्या. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हे 'जनावर नाही' कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"का?"

काय सांगणार? मेंढरांचं सांगितलं. चिखलाचं सांगितलं. "सगळी आहेत ना, एवढंच विचारत होतो साहेब. मोजल्याशिवाय पुढच्या दारात जाववत नव्हतं."  साहेबांनी त्या ओळीवरनं बोट फिरवलं.

"पण ही मोजणी पातळीची आहे," ते म्हणाले. "इमारतीच्या वापरासाठी ही वही पुरावा धरायची का, हा प्रश्न आहे."

तेव्हा भाग्यश्री मॅडम बोलल्या. सहा महिने झाले त्यांना नोकरीला लागून, साहेबांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. "सर, पूररेषा याच वह्यांतल्या पातळ्यांवरून आखली आहे. पातळी आणि घर एकाच ओळीत आहेत. त्या ओळीतला आकडा खरा धरून आपण त्यांना अडवलं. मग त्याच ओळीतलं घर खोटं कसं म्हणायचं?"

 मी मनात म्हटलं, वा गं माझी वाघीण.

साहेबांनी पेन उचललं. पेन उचलल्यावर परत माझ्याकडं बघितलं. "बंडगर, ह्या वह्यांत अशी किती घरं आहेत?"

"सगळीच, साहेब. सहाशे बारा उंबरे. माणसं तीन हजार एकशे चार."

"आणि हे तुम्ही आजवर सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही, साहेब."

ते हसले. नाईकनवरे साहेब हसल्याचं ऑफिसात कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण हसले. आणि टिपणी लिहायला घेतली. पाटबंधारेकडं फाईल गेली, त्यांचे लोक येऊन जागा बघून गेले, तीन आठवड्यांनी ना-हरकत आली. परवानगीच्या पत्रात सरळ लिहिलं होतं, 'अपवाद म्हणून'. खाली अटी. घर होतं तेवढंच, इंचभर जास्त नाही. जमीन लाल रेषेच्या वर एक हात. खाली नुसते खांब, भिंत घालायची नाही, सामान ठेवायचं नाही, पाणी आलं तर सरळ आरपार जायला पाहिजे.

हे मी चंपाबाईंना वाचून दाखवलं. त्या भिंतीच्या अटीवर थांबल्या. "खाली भिंत घालायची न्हाई?"

"न्हाई, आक्का."

"मग पापड लाटायला सगळ्या बाया माझ्याच खाली बसनार की! सोनिया, ऐकलंस का गं? पत्रात लिवून दिलंय सरकारनं." सोनियानं तिथल्या तिथं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. साठ वर्षांची बाई, पण शिट्टी अशी की घाटावरची कबुतरं उडाली.

खांब उभे राहिले, आणि स्लॅबची उंची ठरवायचा दिवस आला. माझ्या नोकरीचे चार दिवस उरले होते. भाग्यश्री मॅडमनी यंत्र लावलं, मी पट्टी घेऊन खांबाशी गेलो. आणि घोळ असा, की पट्टी तेरा फूट आणि स्लॅब चौदावर. गल्लीनं एक टेबल आणलं. टेबल डुगडुगायला लागलं म्हणून दोघांनी पाय धरले. मी वर चढलो. सगळी गल्ली गोळा झालेली, जो तो इंजिनियर.

"मामा, जरा वर," मॅडम म्हणाल्या. "अजून. थोडं खाली."

चंपाबाई टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आवं, पट्टी जराशी वाकडी धरा की. दोन पायऱ्या तरी कमी हुतील. अठ्ठावीस हायत्या, अठ्ठावीस!"

"आक्का, पट्टी वाकडी धरली तरी पाणी सरळच येतं."

"तुमी आन् मामंजी येकाच मातीचं," त्या म्हणाल्या, आणि चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग तिथनं ओरडल्या, "धरा सरळ! उगं माझ्या नादाला लागू नका!"

"बस्स, मामा! तिथंच!" मॅडमनी हात वर केला.

मी खांबावर खडूनं खूण ओढली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या खुणेच्या वर घर होतं. टेबलावर उभा होतो म्हणून बरं, खाली असतो तर लोकांना माझं तोंड दिसलं असतं. सोनियानं तेवढ्यात बत्ताशे वाटलेच. म्हणाली, "स्लॅबचं वाटायचं स्लॅबला. हे आपलं खुनंचं."

निवृत्तीला ऑफिसनं शाल-नारळ दिला, साहेब चार शब्द चांगले बोलले. त्या पाच सालच्या वह्यांना आता प्लास्टिकची वेष्टनं घातलीत म्हणतात, आणि साहेब दोन-तीन फायलींसाठी त्या मागवून घेतात. मंगलला म्हटलं, बघ माझ्या खोडीची किंमत. ती म्हणाली, "शाल चांगली हाय. मला ऱ्हाऊ दे."

घरभरणी दिवाळीनंतर झाली. निरोप असा, की जेवायला यायचं ते दिवस मावळायच्या आत, मावळल्यावर आमच्यात ताट वाढत नाहीत. मी आणि मंगल साडेचारलाच पोचलो. खांबांच्या मधे सतरंज्या टाकलेल्या, बायका बसलेल्या, खपली गव्हाच्या खिरीचा वास रस्त्याच्या तोंडापर्यंत. सन्मतीनं आईसाठी खुर्ची आणली होती. चौघांनी उचलून वर न्यायची, असं पोरांनी ठरवलं होतं.

"वरातीत बसीन खुर्चीत," चंपाबाई म्हणाल्या. "आपल्या घरात पायानं जातो मानूस."

सन्मती माझ्या कानाशी आला. "तुमचं ऐकते ती, मामा. सांगा की जरा. अठ्ठावीस पायऱ्या आहेत. रोज कशी करणार?"

"एकदा वर गेल्यावर रोज खाली कशाला येतील?"

"आई? ती दिवसातनं चार वेळा येईल," सन्मती म्हणाला, आणि त्याला त्याचंच हसू आलं. मग रिकामी खुर्ची खांबाला टेकवत म्हणाला, "आमच्याकडं तीन वर्षं होती. लिफ्ट होती. एकदा खाली गेली नाही."

चंपाबाई निघाल्या. एक हात कठड्यावर, एक हात गुडघ्यावर. मी दोन पायऱ्या मागं, पडल्या तर धरायला. खालनं सगळी गल्ली मोजत होती. सात. आठ. नऊला त्या थांबल्या. सोनिया ओरडली, "आक्का, म्हैस तरी चढली असती गं एवढ्यात!" चंपाबाईंनी मागं न बघता तिला एक शिवी हासडली आणि दहावी चढल्या. चौदाव्या पायरीवर चौक होता, तिथं जरा टेकल्या. त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मी म्हटलं, "आक्का, बसा जरा." त्यांनी मान हलवली, नको म्हणून. परत उठल्या. वीस. पंचवीस. खाली सगळी माना वर करून बघत होती.

अठ्ठावीस.

दार उघडंच होतं. आत नव्या चुन्याचा वास, भिंतीला त्यांच्या मालकांचा आणि मामंजींचा फोटो, खिडकीतनं नदी. माणच्या माणसानं एवढं पाणी एवढ्या वरनं कधी बघितलेलं नसतं, मी क्षणभर तिकडंच बघत राहिलो. मागं वळलो तर चंपाबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसलेल्या. पाय पसरलेले, पदर सुटलेला, छाती भात्यासारखी वरखाली.

मला भीती वाटली. खाली वाकून विचारलं, "आक्का, लय दम लागला न्हवं?"

त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. श्वास जरा जागेवर आला, तेव्हा शेजारची फरशी तळहातानं हळूच पुसली आणि म्हणाल्या,

"लागला की. लागू दे. घरात लागलाय."